डायनॅमो तिसऱ्यांदा उतरवण्याआधी अर्थिंग बघा

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हे सांगायला नको. सकाळी घाईत किल्ली फिरवावी आणि बॉनेटखालून नुसतं ‘टक्’ ऐकू यावं. मग वॉचमनला हाक, दोघांचा धक्का, सेकंड गिअर टाकून क्लच सोडायचा, गाडी खोकत सुरू होते आणि तशीच थेट गॅरेजला. तिथे निदान तयारच असतं: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते. काही महिन्यांनी परत ‘टक्’. आता निदान बदलतं: डायनॅमो गेला. तो उतरवून भरून, म्हणजे आतले झिजलेले पार्ट बदलून, आणायचा. काही महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. (चालत्या इंजिनवर वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला आपल्याकडे सगळे डायनॅमोच म्हणतात. पुस्तकात ते चूक असेल, पण गॅरेजमध्ये ‘अल्टरनेटर’ म्हटलं की समोरच्याचा दर वाढतो, म्हणून मीही डायनॅमोच म्हणणार.)

माझी गाडी २००३ ची मारुती झेन, एमएच १५ म्हणजे नाशिकची, अण्णांनी हौसेनं घेतलेली आणि आता माझ्या गळ्यात पडलेली. दीड लाखाच्या वर चालली आहे. हे मॉडेल २००६ मध्येच बंद झालं, पण इंजिन अजून शिलाई मशिनसारखं चालतं आणि अण्णा तिला विकू देत नाहीत. २०२३ मध्ये पेठ रोडच्या आरटीओत रिपासिंग केलं. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली होती, पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे मोजल्यावर गाडी पाच वर्षं चालवायचीच, हा हट्ट मलाही चढला.

त्यानंतर २०२४ च्या जानेवारी ते ऑगस्ट या आठ महिन्यांत माझा डायनॅमो तीनदा उतरला. शिवाय क्लचची केबल दोनदा बदलली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे ना मेकॅनिकच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

पहिल्यांदा डायनॅमो गेला तो सरळ म्हातारपणानं. कार्बन (फिरत्या रोटरला घासून वीज पोचवणारे ठोकळे) झिजून नखाएवढे उरले होते. बेअरिंगही गुरगुरत होतं. त्यात कोणाचा दोष नाही. दुसऱ्यांदा मे महिन्यात डायोड प्लेट (डायनॅमोच्या एसीचं डीसी करणारी) गेली. तिसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, त्र्यंबकहून परत येताना, अंजनेरीच्या अलीकडे. पाऊस धो धो, वायपर आधी मंदावले, मग काचेवर अर्ध्यात थांबले, हेडलाइट पिवळे पडले आणि गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन बंद. कटआउट, म्हणजे डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, जळला होता. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, नवा डायनॅमोच टाका, हा पनौती आहे." मी टाकणारच होतो.

मीटर घ्या, पण त्याचे नखरे माहीत असू द्या

काही शे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो. या दुखण्यात अंदाजानं पार्ट बदलत गेलात तर त्याच्या दसपट पैसे जातात, हे मी स्वतःच्या बिलांवरून सांगतो. सोबत एक माणूस हवा, किल्ली मारायला. आमच्याकडे हे काम अण्णांचं. ते मी सांगण्याआधीच किल्ली मारतात, पण चालायचं.

पहिलं रीडिंग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं, सकाळी किल्लीला हात लावण्याआधी. मीटर डीसी २० व्होल्टवर, दोन्ही टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर. टर्मिनलच्या पट्टीवर नको, कारण खुंटी आणि पट्टी यांच्यामधली पांढरी-हिरवी बुरशी हाही एक आजार असतो आणि तो वेगळा पकडायचा आहे. १२.६ किंवा थोडं वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे तळाला लागलेली. मग किल्ली मारताना बघा. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून पुन्हा तपासा. भरलेली असूनही खाली जात असेल तर ती खरोखर गेली आहे.

इथे आपल्या हवेचा एक मुद्दा आहे. माझी सासुरवाडी निफाडची. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा किती उतरतो ते नाशिककरांना ठाऊक आहे. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यानं सेल्फला जोर जास्त लागतो. उन्हाळाभर झाकलेलं दुखणं त्यामुळे निफाडच्या सकाळी उघडं पडतं. माझं पहिलं ‘टक्’ तिथेच, सासऱ्यांच्या अंगणात, सगळ्या मेव्हण्यांच्या साक्षीनं झालं. तेव्हा थंडीत बॅटरी गेली म्हणजे ती थंडीनंच गेली असं धरू नका.

आणखी एक. भरून आणलेला डायनॅमो पार उतरलेल्या बॅटरीवर जोडून गाडी हाकू नका. बॅटरी आधी बाहेर चार्जरवर भरून घ्या. मेलेली बॅटरी उठवायला लागला की डायनॅमो तासन्‌तास पूर्ण ताकदीनं राबतो, तापतो आणि नव्या डायोडचं आयुष्य पहिल्याच दिवशी खर्ची पडतं. हे कोणी सांगत नाही, कारण गॅरेजवाल्याला संध्याकाळी गाडी बाहेर काढायची असते.

लाल दिव्याची भाषा

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा नुसता इशाऱ्याचा नाही. किल्ली ऑन केल्यावर याच दिव्यातून थोडा करंट डायनॅमोच्या रोटरकडे (आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाकडे) जातो आणि त्याला जागा करतो. म्हणून किल्ली ऑन, इंजिन बंद, अशा वेळी दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेला असेल, वायर तुटली असेल किंवा कार्बन रोटरवरच्या रिंगपर्यंत पोचत नसतील. बल्ब गेलेला असताना चांगला डायनॅमोही बऱ्याच गाड्यांत चार्जिंग सुरू करत नाही. एका बल्बापायी अख्खा डायनॅमो बदललेली माणसं मी पाहिली आहेत.

इंजिन चालू असताना दिवा पूर्ण विझायला हवा. रात्री अंधारात बघा. मिणमिणत असेल, पणतीच्या शेवटासारखा, तर डायोडवर संशय घ्या. माझ्याकडे मे महिन्यात तो तसाच मिणमिणत होता आणि मी त्याला दोन आठवडे ‘जुन्या गाडीत असायचंच’ म्हणून सोडून दिलं.

टर्मिनल काढून चार्जिंग बघणारा मेकॅनिक दिसला तर हात धरा

आता इंजिन चालू, अॅक्सिलरेटर थोडा दाबून धरलेला, मीटर बॅटरीच्या खुंट्यांवर. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. थोडं उतरलं तर हरकत नाही, पण १३.५ च्या खाली गेलं की काहीतरी खातंय. उलट १५ च्या वर जात असेल तर कटआउट बिघडला. त्यात बॅटरीचं पाणी आटतं आणि बल्ब पटापट उडतात.

आपल्याकडे हीच तपासणी बिनमीटरची करायची एक जुनी सवय आहे. गाडी चालू ठेवायची, पाना लावून बॅटरीचं एक टर्मिनल काढायचं. इंजिन चालू राहिलं तर ‘चार्जिंग आहे’, बंद पडलं तर ‘डायनॅमो गेला’. खऱ्याखुऱ्या जुन्या डायनॅमोच्या काळात ते खपून जायचं. आजच्या डायनॅमोला बॅटरी ही उशीसारखी असते. चालत्या गाडीत ती अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि डायोड, कटआउट, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीचा कॉम्प्युटर, यातलं जे अशक्त असेल ते मरतं. एप्रिलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत एकानं हे केलं आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. मे महिन्यात डायोड गेले. एवढ्यावरून त्याच्यावर आरोप ठेवता येणार नाही, कारण मूळ चोर दुसरा होता. पण त्यानं चोराला हातभार लावला असेल, असं मला अजून वाटतं.

परतीची वाट

माझं रीडिंग आलं १३.४, लाइट लावल्यावर. नव्यानं भरलेला डायनॅमो आणि १३.४. कोणीही म्हणेल डायनॅमो कमी पडतोय. गॅरेजवाला तेच म्हणाला.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी उतरवलेला डायनॅमो पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी तो हातात घेऊन पुली फिरवली, कानाशी धरली आणि विचारलं, "ये कितनी बार खुला है?" तीनदा म्हटल्यावर म्हणाले, "फिर डायनॅमो को क्यों मार रहे हो सर, गाडी लाओ."

गाडी नेली. कटआउट बदलून डायनॅमो परत बसवला आणि त्यांनी मीटर बॅटरीवर न लावता थेट डायनॅमोवर लावला. एक टोक मागच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरं डायनॅमोच्या अंगावर. १४.२. म्हणजे डायनॅमो आपलं काम चोख करत होता आणि वाटेत ०.८ व्होल्ट कोणीतरी गिळत होतं.

वीज बॅटरीच्या प्लसमधून निघते ती लाल वायर सगळे बघतात. तिला परतही यायचं असतं, आणि ती परत येते इंजिनच्या धातूतून, गिअरबॉक्समधून, बॉडीच्या पत्र्यातून आणि शेवटी काळ्या केबलमधून. ही परतीची वाट म्हणजेच अर्थिंग. ती गंजली की डायनॅमो, सेल्फ, हेडलाइट सगळेच आजारी दिसतात आणि आपण एकेकाला दवाखान्यात नेत बसतो. माझ्या गाडीत काळी केबल बॅटरीपासून निघून एका ठिकाणी बॉडीला आणि शेवटी गिअरबॉक्सला बोल्टनं धरलेली आहे.

वाट मोजायची कशी? गाडी चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, अॅक्सिलरेटर थोडा दाबलेला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं डायनॅमोच्या जाड वायरच्या बोल्टवर. ०.२, फार तर ०.३ व्होल्ट चालतील. माझ्याकडे ०.१ होतं, म्हणजे लाल बाजू बरी. मग एक टोक मायनस खुंटीवर आणि दुसरं डायनॅमोच्या अंगावर, रंग किंवा तेलकट मळ नसलेल्या जागी. इथे ०.२ च्या आत हवं. माझं आलं ०.७.

मग सेल्फवर तीच तपासणी. टोक मायनस खुंटीवर आणि इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि अण्णांची किल्ली. ०.३ च्या वर जाऊ नये. मीटरनं २.६ दाखवलं. सेल्फ शंभराच्या आसपास अँपिअर खेचत असेल तर २.६ व्होल्ट म्हणजे अडीचशे वॉटच्या वर उष्णता, किल्ली मारल्याच्या त्या दोन-चार सेकंदांत, कुठल्यातरी जोडणीत जळते आहे. सेल्फला उरलेलं व्होल्टेज तो बिचारा ‘टक्’ म्हणण्यात घालवणार.

चाचांनी अण्णांना तीन-चारदा किल्ली मारायला लावली आणि माझा हात धरून क्लच केबलवर ठेवला. केबल कोमट होती, चहा संपलेल्या काचेच्या ग्लासासारखी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विजेला गिअरबॉक्सपासून परत यायला काळी केबल नीट मिळत नाही म्हटल्यावर तिनं दुसरी वाट शोधली. बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी धातूची दुसरी वस्तू कोणती, तर क्लचची केबल. सेल्फचा करंट त्या बारीक तारांच्या पिळातून धावत होता. आतलं प्लास्टिक मऊ पडत होतं, क्लच जड होत होता, केबल तुटत होती. दोन्ही वेळा मी ‘लोकल केबल असेल’ म्हणून शिव्या घातल्या होत्या. तुमच्या गाडीतही क्लच किंवा अॅक्सिलरेटरची केबल वारंवार जड होत असेल, अडकत असेल आणि सोबत बॅटरीची कटकट असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे बघा.

खालून बोल्ट खोलला. केबलच्या टोकाचं थिंबल (बोल्टात अडकणारी धातूची कडी) गिअरबॉक्सवर घट्ट आवळलेलं होतं, हलतही नव्हतं. पण त्याच्या खाली चंदेरी रंगाचा छान, गुळगुळीत थर. क्लच प्लेट बदलताना, म्हणजे जानेवारीच्या दोन महिने आधी, गिअरबॉक्स खाली उतरला होता. तो धुऊन त्याला चंदेरी रंग मारला आणि अर्थिंगचं थिंबल त्या रंगावरच आवळलं. आता खरं सांगायचं तर रंग मारायला मीच सांगितलं होतं. ‘उतरवलाच आहे तर दिसायलाही बरा करून टाका’ हे माझेच शब्द. बोल्टाच्या आट्यांमधून जो काय करंट जात होता तेवढ्यावर गाडी नऊ महिने चालली.

थिंबलच्या मागचं रबर सोललं तर आत हिरवी भुकटी. तांब्याच्या तारांपैकी निम्म्याच्या वर तुटलेल्या, उरलेल्या काळ्या. इंजिन थरथरलं की त्या टेकायच्या, सुटायच्या, पुन्हा टेकायच्या. प्रत्येक सुटण्याबरोबर बॅटरीची उशी क्षणभर निघते, म्हणजे टर्मिनल काढून चार्जिंग बघण्याचा तोच प्रकार, फक्त रोज आणि न सांगता. डायोड आणि कटआउट त्यात गेले.

इथे मीटरचा बीप (वायर सलग असली की वाजतो तो) तुम्हाला फसवेल. मी घरी आधी बीपवर ही केबल तपासली होती आणि बीप खणखणीत वाजला होता. बीप वाजायला एक तारही पुरते. शंभर अँपिअर वाहताना ओहमचा शंभरावा हिस्सा अडथळा असला तरी एक व्होल्ट जातो आणि तेवढा अडथळा साधा मीटर ओहमवर दाखवूच शकत नाही. अर्थिंग तपासायची ती करंट वाहत असतानाच आणि व्होल्टमध्येच.

दुरुस्ती साधी. गिअरबॉक्सवर थिंबलपुरती जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत धातू उघडा केला. २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल घेतली, दोन्ही बाजूंना तांब्याची थिंबलं प्रेसनं दाबून बसवली. नुसत्या सोल्डरवर भरवसा ठेवू नका, जोडणी तापली की तो सुटतो. दातेरी वॉशर घालून आवळलं आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. आधी फासायची नाही. बॉडीच्या बोल्टचंही तसंच. शिवाय इंजिनपासून बॉडीपर्यंत एक जादा पट्टी टाकली, चाचांच्या शब्दांत ‘बीमा’. चहा धरून सगळं सातशेच्या आत झालं.

किल्ली मारताना २.६ चं ०.१५ झालं. बॅटरीवर लाइट लावून १४.१. त्याला आता दीड वर्षाच्या वर झालं, निफाडच्या सकाळीसुद्धा गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू होते.

रात्रीतून उतरत असेल तर

वरचं सगळं ठीक असूनही दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असेल तर काहीतरी गुपचूप पितंय. सगळं बंद करा, दरवाजे लावा, दरवाजाचा दिवा लागणार नाही याची खात्री करा आणि मायनस टर्मिनल काढून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मध्ये जोडा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. मीटर असा मध्ये असताना चुकूनही किल्ली मारू नका, मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच उडेल. अण्णांना त्या वेळी भाजी आणायला पाठवलेलं बरं.

हिशेब करून बघा. ०.३ अँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चोवीस तासांत ७.२ अँपिअर-अवर. झेनला ३५ ची बॅटरी असते, म्हणजे अडीच दिवसांत निम्मी रिकामी. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेवर शोधा. बाहेरून बसवलेला टेप, सेंट्रल लॉक, रिव्हर्सचा पियानो वाजवणारा डबा, हे नेहमीचे संशयित. कुठल्याच फ्यूजनं आकडा पडला नाही तर डायनॅमोची जाड वायर सोडवून बघा. मीटरशिवायची खूण हवी असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या डायनॅमोला पहाटे हात लावा. बाकी इंजिन थंडगार आणि तो किंचित उबदार असेल तर डायोड गळतोय.

डायोडसाठी मीटर एसीवर लावून चालू गाडीत बॅटरीवर बघतात, अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. पण बाजारातला स्वस्त पिवळा मीटर एसीवर डीसीलाही मोजून बसतो आणि तीसच्या आसपास आकडा दाखवतो, किंवा टोकं उलटी केली की शून्य. ते बघून घाबरू नका, तो मीटर त्या कामाचाच नाही.

भरून आणायचा, नवा घ्यायचा की भंगारातला

माझं मत स्पष्ट आहे. गाडीबरोबर आलेला मूळ डायनॅमो, त्याचं कव्हर फुटलेलं नसेल आणि रोटर-स्टेटर जळलेले नसतील तर, चांगल्या हातानं भरलेला असल्यास बिननावाच्या खोक्यातल्या नव्यापेक्षा जास्त टिकतो. लुकास-टीव्हीएस किंवा डेन्सोसारख्या कंपन्यांचा नवा, बिलासहित, तुमच्या मॉडेलचा मिळत असेल तर प्रश्नच मिटला. जुन्या मॉडेलला तो मिळेलच असं नाही. ‘जुना द्या, तयार घ्या’ या अदलाबदलीत मात्र मी पडत नाही. त्यात तुमचा एकदा उघडलेला जातो आणि किती वेळा उघडला ते देवाला माहीत असा एक हातात येतो. मी माझ्या डायनॅमोच्या कव्हरवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे.

भरायला देताना हे विचारा आणि जुने पार्ट परत मागा. दोन्ही बेअरिंग बदलली का, की पुलीकडचंच? स्लिप रिंग लेथवर घासून गोल केल्या का? जुन्या रिंगेवर कार्बनची खाच पडलेली असते, त्या खाचेत नवे कार्बन बसवले की ते उडत-उडत चालतात आणि काही महिन्यांत संपतात. रोटरची ओहम मोजली का? साधारण दोन ते चार ओहमच्या दरम्यान येते, शिवाय रोटर अंगाला शॉर्ट नको. आणि लोडवर तपासला का? बेंचवर मोकळा फिरवून १४ व्होल्ट दाखवणं सोपं आहे, एखादा डायोड मेलेला असला तरी तेवढे येतात. हेडलाइटचे चार बल्ब जोडून दाखवा म्हणायचं. चांगला कारागीर रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडून पिशवी उचलायची.

सेल्फही असाच भरता येतो: कार्बन, बुश, बेंडिक्स, सोलेनॉइडचे आतले तांब्याचे टिकले. त्यावर जास्त लिहित नाही. फक्त वरचं २.६ आठवा आणि अर्थिंग मोजल्याशिवाय सेल्फ उतरवू देऊ नका.

भंगारातून मी दरवाजाचं हँडल, टेललाइट, आरसा, वायपरची मोटर खुशाल घेतो. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे पार्ट, टायमिंग बेल्ट हे कधीच नाही, कितीही ‘ओरिजिनल जपान’ असलं तरी.

डायनॅमो बसवल्यावर बेल्टचा ताण स्वतः बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबला की साधारण आठ-दहा मिलिमीटर दबला पाहिजे. ढिला असला की लोडवर किंचाळतो आणि चार्जिंग पडतं. फार ताणला की नवं बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांत गुरगुरायला लागतं, मग पुन्हा डायनॅमोवर खापर. त्र्यंबक-इगतपुरीकडचा पावसाळा करून आलात की सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचं पाणी डायनॅमोवर मारू देऊ नका, त्याच्या मागच्या जाळीतून ते थेट डायोडवर जातं. वरून हेड कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा आणखी कुठून ऑइल टपकत असेल तर आधी ते बंद करा. ऑइलनं भिजलेले कार्बन चिकटून बसतात, मग कितीही चांगला भरलेला डायनॅमो असो, परत द्वारका.

आणि क्लच प्लेट, इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्स, बॅटरी ट्रे, काहीही उतरवून बसवलं असेल तर गाडी ताब्यात घेताना तिथेच मीटर लावून किल्ली मारा. एक मिनिट लागतं. मागच्या महिन्यात माउंटिंग बदललं तेव्हा मी हेच केलं. ०.९ आलं. पोरानं जादा पट्टीचा बोल्ट हातानंच फिरवून सोडला होता आणि गिअरबॉक्सचं थिंबलही पुरतं आवळलं नव्हतं. त्यानं दोन्ही आवळले, ०.१५ आलं, मी पैसे दिले.